शिवारातले वाण

दसऱ्याचे सोने लुटून झाले, की दिल्ली शहरात एका निराळ्याच वाहतुकीला प्रारंभ होतो. चकचकीत कागदात गुंडाळलेले, रेशमी फितींनी बांधलेले डबे एका घरातून दुसऱ्या घरात, एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जाऊ लागतात. दिवाळी जसजशी जवळ येते तसतशी ही वर्दळ वाढत जाते, आणि धनत्रयोदशीच्या सुमारास तर सायंकाळी रस्त्यावर वाहनांना मुंगीच्या गतीने सरकावे लागते. प्रत्येक वाहनात मागच्या आसनावर डब्यांची उतरंड रचलेली असते. कोणी कोणाकडे जावयाचे, कोणाला काय द्यावयाचे, गेल्या वर्षी त्यांनी आपल्याला काय दिले होते, याचा हिशेब ज्याच्या त्याच्या मनात चाललेला असतो.

दोन वर्षांमागची गोष्ट. मिठाईचा एक डबा आम्ही वसुबारसेच्या दिवशी शेजारच्या एका कुटुंबास दिला होता. देण्यापूर्वी घरातील लहान मुलीने त्याच्या तळाशी पेन्सिलीने एक इवलीशी पणती काढून ठेवली होती. ते आम्हांला ठाऊक नव्हते. भाऊबीजेच्या दिवशी एक स्नेही भेटीस आले आणि त्यांनी आपुलकीने एक डबा हाती ठेवला. ते गेल्यावर मुलीने डबा उलटा करून पाहिला आणि ती आनंदाने ओरडली, “ही तर माझीच पणती!” शेजाऱ्यांचा आणि या स्नेह्यांचा परस्पर परिचयही नव्हता. मधल्या दिवसांत तो डबा किती उंबरे ओलांडून आला असेल, ते त्याचे त्यालाच माहीत.

प्रथम आम्ही सर्वच मनमुराद हसलो. मागाहून मात्र मनाला रुखरुख लागली. इतक्या घरांपैकी एकाही घरात तो डबा उघडावा असे कोणास वाटले नाही. आम्हांलाही तो देताना आत काय आहे याची फारशी फिकीर नव्हती. जी वस्तू कोणी मनापासून निवडली नाही, कोणी उघडली नाही आणि कोणी चाखली नाही, तिला भेट तरी का म्हणावे?

वाचकहो, आपल्याही घरी असा एखादा फिरता डबा येऊन गेला असेल. म्हणूनच या प्रश्नाचा आपण थोडा शांतपणे विचार करू.

वाणाची शिकवण

मराठी घरात देण्याघेण्याची रीत काही आजची नाही. संक्रांतीचे सुगड डोळ्यांपुढे आणावे. कुंभाराने घडविलेल्या त्या चिमुकल्या मडक्यात काय असते? उसाचे करवे, बोरे, हरभऱ्याचे घाटे, गाजराचे तुकडे, गव्हाच्या ओंब्या आणि चिमूटभर तिळगूळ. यांपैकी एकही वस्तू दुरून आणावी लागत नाही. पौष महिन्यात गावाच्या शिवारात जे पिकते तेच सुगडात पडते आणि शेजारणीच्या ओटीत जाते. ते वाण घेणारीला देणारीच्या ऐपतीविषयी काही सांगत नाही. यंदा शिवारात काय पिकले, एवढेच सांगते.

या रीतीत एक उणेपणही होता, तो लपविण्याचे कारण नाही. हळदीकुंकवाच्या समारंभातून विधवा स्त्रियांना वगळले जाई, आणि शिवारातले वाण शिवारात राबणाऱ्या सर्वांच्याच ओटीत पडत असे असेही नाही. अलीकडे पुष्कळ ठिकाणी ही मर्यादा बुद्धिपूर्वक मोडली जात आहे. रीतीतील चांगले ते ठेवावे, अन्यायाचे ते टाकावे, असाच विवेक येथेही हवा.

आपल्या भाषेची एक गंमत अशी, की सणाच्या भेटीला आपण ‘वाण’ म्हणतो आणि पिकाच्या जातीलाही ‘वाण’च म्हणतो. शेतातील वाण आणि ओटीतील वाण हे दोन शब्द उच्चारात एक आहेत. ते व्यवहारातही एकत्र यावेत, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

दिल्लीला शिवार आहे काय?

आपण म्हणाल, “हे गावी ठीक आहे. दिल्लीसारख्या महानगरात शिवार कोठून आणावयाचे?” शंका रास्त आहे. दिल्लीच्या हद्दीत १९६१ साली ३०० गावे होती. २०११ च्या जनगणनेच्या वेळी ग्रामीण म्हणावी अशी अवघी ११२ उरली. पूर्वी जेथे ज्वारी-बाजरी डोलत होती तेथे आज वसाहती उभ्या आहेत, आणि जुन्या गावाचे नाव तेवढे एखाद्या बसथांब्यावर शिल्लक राहिले आहे.

परंतु दिल्ली म्हणजे केवळ दिल्ली शहर नव्हे. १९८५ च्या कायद्याने जो राष्ट्रीय राजधानी प्रदेश आखला गेला, त्याचा विस्तार आज सुमारे ५५ हजार चौरस किलोमीटर आहे. त्यात सोनीपत, पानीपत, रोहतक, रेवाडी हे हरियाणातील जिल्हे येतात. मेरठ, बागपत, मुजफ्फरनगर हे उत्तर प्रदेशातील येतात. राजस्थानातील अलवर आणि भरतपूरही येतात. म्हणजे राजधानीच्या भोवती भात, ऊस, बाजरी आणि मोहरी यांचे एक विशाल कडेच आहे. आपण ज्या महामार्गाने सुटीत हिमालयाकडे जातो, त्याच्या दोन्ही बाजूंस हे शिवार पसरलेले असते. गाडीच्या काचा वर असल्याने ते आपल्याला दिसत नाही, इतकेच.

त्यातून दिवाळी हा तर येथील सुगीचाच सण. भात कापून झालेला असतो, बाजरी घरात आलेली असते, उसाची गुऱ्हाळे नुकतीच पेटलेली असतात. तेव्हा या दिवसांत दिल्लीकराने दिल्लीचेच काही द्यावयाचे म्हटले, तर काय देता येईल ते पाहू.

साळीच्या लाह्या

पहिला मान साळीच्या लाह्यांचा. लक्ष्मीपूजनाला आपण लाह्या-बत्तासे ठेवतो. उत्तरेत त्यांनाच ‘खील-बताशे’ म्हणतात. दिवाळी जवळ आली, की जुन्या दिल्लीत खारी बावली भागात लाह्यांचे शुभ्र ढीग लागतात. खारी बावली म्हणजे खाऱ्या पाण्याची बारव. ती बारव आज दिसत नाही, पण तिच्या नावाचा बाजार मसाल्यांसाठी आणि सुक्या मेव्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे. तेथील एका गल्लीचे नावच ‘गली बताशान’ असे आहे. लाह्या-बत्ताशांबरोबर साखरेचे हत्ती, घोडे आणि मनोरेही मिळतात. ‘हटडी’ नावाचे मातीचे लहानसे घरकुल आणून ते लाह्यांनी भरावयाचे आणि लक्ष्मीपुढे ठेवावयाचे, ही येथील जुनी चाल.

लाहीत विशेष ते काय? तप्त वाळूत साळ टाकली, की तिच्या पोटातील ओलाव्याची वाफ होते आणि दाणा फुलून टरफलाबाहेर येतो. ना तेल, ना खवा, ना रंग. नव्या भाताचा हा सर्वांत साधा आणि सर्वांत हलका पदार्थ. एका वयस्क पंजाबी शेजारणीला आम्ही गेल्या दिवाळीत परडीभर लाह्या-बत्तासे नेऊन दिले. त्यांनी ओंजळ भरून घेतली आणि त्या क्षणभर काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आमच्या लहानपणी दिवाळी म्हणजे हेच असे. आता पूजेपुरते चिमूटभर आणतात, आणि दुसऱ्या दिवशी चिमण्यांना घालतात.” त्या दिवशी त्यांच्या मेजावर बदाम-पिस्त्यांचे डबे रचलेले होते. परडी मात्र त्यांनी मांडीवर ठेवून घेतली होती.

बासमती

दुसरे नाव तांदळाचे. बासमतीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच्या क्षेत्रात पंजाब, हरियाणा, हिमाचल प्रदेश, उत्तराखंड, दिल्ली, तसेच पश्चिम उत्तर प्रदेश व जम्मू-काश्मीर यांचे काही भाग येतात. म्हणजे दिल्ली केवळ बासमती खाणारी नव्हे, पिकविणारीही आहे. नरेला आणि नजफगढ येथील धान्यबाजारांत आजही आसपासच्या गावांतील धान्याच्या राशी पडतात.

बासमतीच्या आधुनिक कथेचा मोठा भाग दिल्लीतच घडला आहे. भारतीय कृषी संशोधन संस्था १९०५ साली बिहारमधील पूसा या गावी स्थापन झाली. १९३४ च्या भूकंपात तिची इमारत उद्ध्वस्त झाल्यावर १९३६ साली ती दिल्लीला आली, आणि येताना आपल्या गावाचे नावही घेऊन आली. म्हणूनच दिल्लीत ‘पूसा’ हे ठिकाण आहे. याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८९ साली ‘पूसा बासमती १’ हे वाण दिले, आणि २००३ साली ‘पूसा ११२१’ दिले. या दुसऱ्या वाणाचा दाणा शिजल्यावर अडीच पटींहून अधिक लांब होतो. सोनीपत-पानीपतच्या बाजूस शेताशेतांतून हे ‘अकराशे एकवीस’ नाव ऐकू येते.

भेटीसाठी तांदूळ घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दिवाळीत निघालेला नवा बासमती लगेच पुलावाला लावला, तर भात चिकट होतो. वर्षभर जुना झालेला दाणा कोरडा होतो आणि शिजताना मोकळा राहतो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती येथे शब्दशः होते. म्हणून भेट द्यावयाची ती गेल्या हंगामातील तांदळाची द्यावी. नवा तांदूळ द्यावयाचा असेल, तर ‘खिरीसाठी’ अशी चिठ्ठी सोबत ठेवावी. पुण्या-नागपुराकडील नातलगांना दिल्लीहून काही धाडावयाचे असेल, तर त्यांनी पाठविलेल्या चकल्या-कडबोळ्यांच्या डब्यातून परत पाठविण्यास यासारखी दुसरी वस्तू नाही. डबा रिकामा परत करू नये, हा आपल्या आयाआज्यांचा दंडकही त्यामुळे पाळला जातो.

गूळ

दिल्लीहून हरिद्वारच्या वाटेवर मुजफ्फरनगर लागते. तेथील गुळाचा बाजार देशातील सर्वांत मोठ्या गूळबाजारांपैकी एक गणला जातो. आपल्याकडे कोल्हापूरची ढेप प्रसिद्ध. तेथे गूळ निरनिराळ्या रूपांत विकला जातो आणि ‘चाकू’, ‘लड्डू’, ‘खुरपापाड’ अशी त्याची व्यापारी नावे आहेत. गुळाची भुकटी करून ‘शक्कर’ म्हणून खाण्याचीही चाल आहे. ऑक्टोबरच्या मध्यापासून तेथील गुऱ्हाळे सुरू होतात. त्यांना ‘कोल्हू’ म्हणतात. चरकातून निघालेला रस काहिलीत पडतो, वाळलेली चिपाडे चुलाणात जळतात, आणि उकळत्या रसावर येणारी मळी गुळव्या झाऱ्याने काढीत राहतो. मळी वर यावी म्हणून रसात ‘सुकलाई’ नावाच्या झाडाच्या सालीचा चिकट रस घालतात. आपल्याकडे त्याच कामासाठी रानभेंडी वापरतात. दोन प्रदेशांच्या गुळव्यांनी दोन निरनिराळ्या वनस्पतींत एकच गुण शोधून काढला, ही कौतुकाचीच गोष्ट.

गूळ घेताना मात्र डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. पिवळाधमक, काचेसारखा चमकणारा गूळ पाहून आपण भुलतो. तो रंग पुष्कळदा रसात गंधकयुक्त रसायन घालून आणलेला असतो. स्वच्छ पण रसायनाविना केलेला गूळ तांबूस-तपकिरी दिसतो. दिसावयास तो सामान्य असतो. चवीला मात्र त्यात उसाची ओळख राहिलेली असते. कोरडा, घट्ट आणि हाताला न चिकटणारा खडा निवडावा आणि कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात द्यावा.

बाजरी आणि मध

दिल्लीच्या दक्षिणेस रेवाडी, महेंद्रगड, नूह या बाजूला जमीन रेताड आणि पाणी थोडे. तेथे बाजरीचे राज्य. महाराष्ट्रातील वाचकाला बाजरीची ओळख करून देण्याचे कारण नाही. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी कोणाला आठवणार नाही? भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. तेव्हापासून शहरी स्वयंपाकघरातही बाजरीला पुन्हा पाट-पाणी मिळू लागले आहे. भाताला लागणारे पाणी आणि खोल जाणारी भूजलाची पातळी ध्यानी घेऊन हरियाणा सरकारने २०२० साली ‘मेरा पानी, मेरी विरासत’ ही योजना सुरू केली. भात सोडून मका, बाजरी यांसारखी पिके घेणाऱ्यास एकरी ७,००० रुपये साहाय्य असा तिचा आरंभीचा आराखडा होता. तेव्हा बासमतीच्या पुडीशेजारी बाजरीची पुडी ठेवणे हे पाण्याच्या बाजूनेही शहाणपणाचे आहे. परंतु भेट द्यावयाची ती दाण्यांची, पिठाची नव्हे. बाजरीत स्निग्धांश अधिक असल्याने तिचे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते.

अलवर-भरतपूरकडे आणि हरियाणात थंडीच्या दिवसांत मोहरी फुलते, आणि त्या पिवळ्या शेतांच्या बांधावर मधमाश्यांच्या पेट्या मांडलेल्या दिसतात. मोहरीच्या फुलांचा मध थंडीत तुपासारखा थिजतो. असा मध पाहून पुष्कळ गृहिणी “यात साखर मिसळली आहे” म्हणून तो परत करतात, आणि बिचारा प्रामाणिक मधुपालक विनाकारण चोर ठरतो. या मधात द्राक्षशर्करेचे प्रमाण अधिक असल्याने त्याचे दाणे लवकर धरतात. तो त्याचा स्वभावच आहे. बरणी कोमट पाण्यात ठेवली, की मध पुन्हा पातळ होतो. मधाबरोबर दोन सूचना अवश्य लिहून द्याव्यात: एक वर्षाच्या आतील बालकास मध चाटवू नये, आणि मध असो वा गूळ, मधुमेहाच्या रुग्णास दोन्ही साखरेसारखेच जपून खावे लागतात. प्रेमाच्या भेटीने कोणाची प्रकृती बिघडू नये.

जवळचे ते सारेच निर्मळ नव्हे

एवढे वाचून आपण लगेच पिशवी घेऊन निघाल, तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. ‘स्थानिक’ हा शब्द म्हणजे शुद्धतेचे प्रमाणपत्र नव्हे. यमुनेच्या काठच्या खादर जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या भाजीपाला पिकत आला आहे. दिल्लीच्या ताटातील कितीतरी भाजी त्या गाळाने पोसली. पण त्याच नदीत शहराने आपले सांडपाणी आणि कारखान्यांची घाण सोडली. १३ जानेवारी २०१५ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने यमुनेच्या पूरक्षेत्रात खाद्यपिके घेण्यास मनाई केली, कारण प्रदूषित पाण्यातील घातक द्रव्ये भाजीतून माणसाच्या पोटात जाण्याचा धोका होता. नदी बिघडविली शहराने, आणि शेत सोडण्याची पाळी आली काठावरच्या कुळांवर. दिल्लीकराने जवळच्या शेतीचे गोडवे गाताना हे विसरू नये. जवळचे अन्न शुद्ध हवे असेल, तर जवळचे पाणीही शुद्ध राखले पाहिजे. ते नुसत्या खरेदीने साधत नाही.

म्हणून विकत घेताना विचारावे: हे कोणत्या गावचे? कोणत्या हंगामातील? सुट्या मालाच्या बाबतीत विक्रेता गावाचे नाव सांगू शकला तर बरेच. बंद पुडी असेल, तर तिच्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक, तारीख आणि उत्पादकाचा पत्ता पाहावा. ग्रामीण स्त्रियांच्या बचतगटांचा माल ग्रामविकास मंत्रालयाच्या ‘सरस’ मेळ्यांतून मिळतो. १९९४ साली सुरू झालेल्या दिल्ली हाटातही गावोगावचे कारागीर आपापले गाळे मांडतात. तेथे देशभरातील माल असतो, म्हणून आपल्या प्रदेशातला कोणता ते विचारून घ्यावे. सुटीच्या एखाद्या दिवशी मुलांना घेऊन सोनीपत किंवा मेरठच्या बाजूस गेलात, शेतकऱ्याच्या परवानगीने कापणी पाहिलीत आणि गुऱ्हाळावर पेलाभर रस प्यालात, तर त्या दिवशी मुले जे शिकतील ते पुस्तकाच्या दहा पानांत सापडणार नाही.

दोन याद्या

आता सर्वांत नाजूक विषयाकडे वळू. दिल्लीतील पुष्कळ घरांत दिवाळीपूर्वी भेटींच्या दोन याद्या होतात. पहिलीत वरिष्ठ, व्यवहारातील माणसे, ज्यांच्याशी काम पडते असे लोक. त्यांच्यासाठी बदाम-पिस्त्यांचे डबे. दुसरीत पहारेकरी, घरकाम करणाऱ्या बाई, इस्त्रीवाला, सफाई कामगार. त्यांच्यासाठी स्वस्तातील मिठाई, किंवा पहिल्या यादीतील लोकांकडून आलेले आणि आपल्याला नको असलेले डबे. पहिल्या यादीतील बदामही बहुधा सातासमुद्रापलीकडून आलेले असतात. कॅलिफोर्नियातील बदामाची भारत ही सर्वांत मोठी परदेशी बाजारपेठ झाली आहे. परदेशी बदामाशी आमचे वैर नाही. काबूलचा मेवा शतकानुशतके दिल्लीच्या बाजारात येतच आहे. प्रश्न बदामाचा नाही, प्रश्न यादीचा आहे.

माणसाचे पद पाहून ठरविलेली भेट ही भेट राहत नाही. ती एक तर लालूच होते, नाही तर भीक. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६४ साली जे वर्तणूक नियम झाले, त्यांत भेटवस्तू स्वीकारण्याविषयी एक स्वतंत्र नियम घालावा लागला, तो उगाच नव्हे. २०२५ च्या सप्टेंबरात केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने दिवाळी व इतर सणांच्या भेटींवर सरकारी पैसा खर्च करू नये, असे सर्व मंत्रालयांना कळविले. पण नियम कचेरीपुरता असतो. घरातील यादी आपली आपणच तपासली पाहिजे.

शिवारातले वाण येथे कामी येते. किलोभर गुळाने कोणाचे मन विकत घेता येत नाही, आणि किलोभर गूळ घेताना कोणाची मान खाली जात नाही. तो वरिष्ठांनाही देता येतो आणि पहारेकऱ्यालाही. एकाच मापाचा, एकाच कागदातला. आम्ही गेल्या वर्षी तसे करून पाहिले. सोसायटीच्या फाटकावरील पहारेकऱ्याच्या हाती पुडी दिली, तेव्हा त्याने ती उघडून वास घेतला आणि विचारले, “कोणत्या कोल्हूचा?” तो मुजफ्फरनगरकडचा निघाला. त्याच्या घरी स्वतःची जमीन नव्हती. वडील दर हिवाळ्यात गुऱ्हाळावर चुलाणात चिपाडे घालण्याचे काम करीत. रसाचा रंग पाहून जाळ केव्हा कमी करावयाचा, हे त्याने आम्हांला फाटकाशी उभ्या उभ्या समजावून सांगितले. तीन वर्षे तो आम्हांला रोज नमस्कार करीत होता आणि आम्ही मान हलवीत होतो. त्याचे गाव कोणते, हे त्या दिवशी प्रथमच कळले.

ज्यांच्या गावी हे अन्न पिकते, त्यांचीच मुले शहरात आपल्या दारी पहारा करतात, आपली भांडी घासतात, आपल्या इमारती बांधतात. त्यांच्या शिवाराची वस्तू मानाने त्यांच्या हाती ठेवणे हे उपकार नव्हे; ती एक उशिरा दिलेली पोच आहे. मात्र एक जपावे: दिवाळीची ठरलेली बक्षिसी रोख द्यावयाची असेल, ती द्यावीच. गुळाची पुडी ही पगाराच्या किंवा बक्षिसीच्या ऐवजी द्यावयाची वस्तू नाही.

या दिवाळीला

भेटीची तयारी अवघड नाही. जाड कागदाची किंवा जुन्या सुती साडीची पिशवी शिवावी. तिच्यात अर्धा किलो जुना बासमती, अर्धा किलो गूळ, किलोभर बाजरी आणि वर मूठभर साळीच्या लाह्या. सोबत एक चिठ्ठी: हे धान्य कोठून आले, कसे शिजवावे, किती दिवस टिकेल. चिठ्ठी मुलांकडून लिहून घ्यावी. शहरातील मुलाला दूध पिशवीतून येते असे वाटते. त्याने एकदा ‘बाजरी, रेवाडी’ असे स्वतःच्या अक्षरात लिहिले, म्हणजे नकाशावरील एक ठिपका त्याच्या ताटाशी जोडला जातो.

आपण दिल्लीत राहत नसाल, तर ही यादी तशीच उचलू नये. ठिकाण बदलले की वाण बदलले पाहिजे. कोकणात पोहे आणि कोकम, विदर्भात संत्री, खानदेशात केळी, मराठवाड्यात तुरीची डाळ, इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी घरांत माळव्याचा गहू. प्रत्येकाने आपल्या दाराशी उभे राहून पाहावे, की या महिन्यात आपल्या भोवतीच्या पंचक्रोशीत काय पिकते आहे. आणि दिवाळी टळली तर संक्रांत आहेच. त्याच सुमारास दिल्लीत लोहडीच्या शेकोटीभोवती रेवड्या, गजक आणि भुईमुगाच्या शेंगा वाटल्या जातात. मोहरीचा ताजा मधही तोवर आलेला असतो. उन्हाळ्यानंतर बागपतचा रटौल आंबा येतो. वर्षात एकही महिना असा नाही, की मातीने देण्यासारखे काही ठेवले नाही.

आमच्या मुलीने यंदाच्या पिशव्यांच्या तळाशीही पणत्या काढावयाचे ठरविले आहे. आम्ही तिला म्हटले, “या वेळी पिशवी परत येणार नाही, लोक ती उघडतील आणि खातील.” ती थोडा विचार करून म्हणाली, “मग पणती आतल्या चिठ्ठीवर काढते. उघडणाऱ्याला दिसेल.”